येळवशीला आम्ही शेतात नव्हतो

बीदर,
५ जानेवारी

वडील जाऊबाई, आमच्या अक्का, यांच्या पायाशी धाकटी जाऊ विजयश्री हिचा नमस्कार. उजव्या पायावर डोकं जरा हलकेच टेकवलंय, कारण त्या गुडघ्याचं दुखणं थंडीत वाढतं हे मी विसरलेले नाही. भावजींनाही नमस्कार. त्यांचा खोकला कसा आहे? ओवा गरम करून छाती शेकायची हे तुम्हीच मला शिकवलंत, तेच मी तुम्हाला सांगायचं म्हणजे जरा अतिच झालं; तरी सांगते, कारण कुठून तरी सुरुवात करायची आहे. शिवकन्येला आशीर्वाद. शिवकन्या, बाळ, हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तुझ्या सासूबाई 'चष्मा सापडंना' म्हणतील. चष्मा त्यांच्या डोक्यावरच असेल. तू त्याबद्दल काही बोलू नकोस, वाचायला लाग. भावजी ओसरीवर बसले असतील तर जरा मोठ्याने वाच. ते दाखवतात तेवढं त्यांना कमी ऐकू येत नाही. कंसातलं मनात वाचायचं की मोठ्याने, हे मी तुझ्या अकलेवर सोपवते.

आम्ही सगळे ठीक. माझी रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली. महेशकुमारचं पोट सुटलंय, सुधारानीचे केस गळतायत, दोघंही एकमेकांना बोल लावतात. चिन्नी आठ वर्षांची झाली, तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि बोलणं दुप्पट झालंय. राम साडेपाच वर्षांचा. तो कमी बोलतो, पण जे ऐकतो ते सोडत नाही. या बाबतीत तो कुणावर गेलाय ते तुम्हाला सांगायला नको.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्रलेखन शिकवायला सिस्टर अगाथा होत्या. त्या सांगायच्या, आधी प्रकृतीची चौकशी, मग लगेच पत्राचं कारण, मग बाकीचं. आणि मुलींनो, पत्राचं कारण कधी ताजा कलमात टाकू नका, तसं करणारी माणसं मागच्या दाराने घरात शिरतात. मी सिस्टरांची आवडती विद्यार्थिनी होते. तेव्हा कारण इथंच लिहिते: तुमच्याकडची आंबिलीची बिंदगी, ती चुन्याचे पट्टे ओढलेली मातीची घागर, शेवटच्या येळवशीपासून (सिस्टरांनी शुद्ध 'वेळ अमावास्या' लिहायला लावलं असतं) माझ्याकडे राहिली आहे. ती परत करायची आहे. एवढंच. आता बाकीचं.

आपण दोघी बोललो त्याला येत्या आषाढात तीन वर्षं होतील. (शिवकन्या, तुला यातलं अर्धंच माहीत आहे, कारण तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस.) हे गेले त्या दिवशी तुम्ही आणि भावजी संतपूरच्या शेतात, विहिरीशेजारच्या लिंबाखाली सरण रचून, त्यावर पावसाचा कागद धरून उभे होतात. आणि मी यांना इथं बीदरमध्येच अग्नीला दिलं. त्यावर मी कधी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं फार नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक मला विचारत होते आणि मी सगळ्यालाच हो म्हणत होते. चहा घेणार का? हो. महेशला कळवलं का? हो. पाऊस वाढतोय, इथंच उरकायचं का? हो. शेवटच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं हे मला संध्याकाळी, सगळं झाल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, दारातच उभ्या राहिलात, पाणी घेतलं नाहीत. "आमी सरण रचून बसलो व्हतो, विजू. तू माझ्या दिराला त्याच्या मातीत आणलं न्हाईस. आता येळवशीला तरी त्या शेतात कामून येतीस? कशापायी?" एवढं बोलून तुम्ही रिक्षात बसलात. मी तेव्हाही 'हो' असंच काहीतरी म्हणाले असेन.

आपल्याच शेतात जायला बोलावणं कशाला लागतं, असं महेश म्हणतो. त्याला बायकांचं काही कळत नाही. पहिल्या वर्षी तर दुःखाचंच वर्ष होतं, सण नव्हता. दुसऱ्या वर्षी मी वाट पाहिली. तुम्हाला माहीतच आहे, येळवशीला बीदरची आमची गल्ली कशी होते. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या. कुत्रीसुद्धा भज्जीच्या वासाने टेंपोमागे गेलेली. त्या दिवशी घरी राहिलेलं माणूस म्हणजे ज्याला कुणी बोलावलं नाही ते माणूस. म्हणून मी महेशला पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला लावलं आणि आम्ही सगळे मागच्या दाराने आत आलो. (सिस्टर अगाथांची आठवण तेव्हाही झाली.) पडदे ओढून, पंखा बंद करून, कुजबुजत दिवस काढला. मुलांना सांगितलं, लपाछपी आहे. दुपारी सुधारानीने विसरून कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या आणि शेजारचे अंकुशराव, जे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे शेतात गेले नव्हते, डोळ्याला हिरवी पट्टी लावून कुंपणाशी आले आणि ओरडले, "वहिनी! तुमच्या घरात चोर शिरलेत आन् सैपाक करायलेत!" मी खिडकीतून हळूच म्हणाले, "अंकुशराव, आम्हीच आहोत." त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "बरं बरं. मला कुठं दिसतंय." आणि आत गेले. अक्का, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या दिवसानंतर मी त्यांच्या समोरून जाताना पदर सारखा करते.

म्हणून या वर्षी सुधारानीने ठरवलं की लांब जायचं. मुलांना नाताळची सुट्टी होती. हैदराबादजवळ ते एक मोठं पार्क आहे, पाण्याचं, पाळण्यांचं, रोज वाद्यं लावून पाऊस पाडतात तसलं. "आई," ती म्हणाली, "तिथं आपल्या गावचं कुणी नसतंय. कुणी विचारणार न्हाई." पोर मनाने चांगली आहे. तिने तारीख बघून काढली, माझ्याकडे न बघता सांगितली, आणि मी हो म्हणाले. मला ती सवयच आहे.

आता चूक झाली ती इथं. पहाटे तीनला माझे डोळे उघडले आणि हात आपोआप कामाला लागले. आंबील तर मी आदल्या दिवशीच लावून ठेवली होती, नुसतीच, वासासाठी. मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी झाली, बाजरीचे वाफवलेले उंडे झाले, तिळाच्या भाकरी झाल्या, गव्हाची खीर झाली. महेश उठून आला तेव्हा मी बिंदगीच्या तोंडाला फडकं बांधत होते. "आई, आपण वॉटर पार्कला चाललोय." मी म्हटलं, "मग? तिथं जेवत नाहीत का?" तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिला. मग त्याने बिंदगी उचलली आणि पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला. जहिराबादपर्यंत गाडी सारखी पीं पीं करत होती, कारण मागच्या सीटवर मी माझा पट्टा बांधला नव्हता. वाटेत मी मुलांना येळवशीची गोष्ट सांगत गेले. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, कशी करतात, तिच्यावर शाल कशी घालतात, आत पाच पांडव म्हणजे चुन्याने रंगवलेले पाच दगड कसे बसवतात, पूजा झाली की कोपीला फेऱ्या कशा घालतात, आणि संध्याकाळी आंबील शेतभर शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पलगे' कसं ओरडतात. त्याचा अर्थ काय, चिन्नीने विचारलं. मी म्हटलं, अर्थ विचारला की पीक येत नाही. राम माझ्या शेजारून एवढंच म्हणाला, "म्हंजे आज आपण तिथं चाललोय?" मी म्हणायला पाहिजे होतं, नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. तुरीची शेतं होती, आणि प्रत्येक शेतात माणसं.

पार्कच्या दारात झडती होती. मोठ्या मिशीचा एक शिपाई होता. त्याने उंडे हुंगून बाजूला ठेवले, भज्जी बाजूला ठेवली (बाहेरचं खाणं आत चालत नाही, असा तिथला नियम आहे, आत त्यांचं विकत घ्यायचं), आणि बिंदगीचं फडकं सोडल्याबरोबर तो दोन पावलं मागे सरला. "अम्मा! ये उमर में ताडी लेके जारे?" मी त्याला मराठीत समजावलं, मग हैदराबादी हिंदीत, मग मला वाटलं, कॉन्व्हेंटचं शिक्षण आज नाही तर कधी. मी अस्खलित इंग्रजीत सांगितलं की यात ज्वारीचं पीठ आणि ताक आहे, रात्रभर फर्मेंट केलेलं. त्या एका शब्दाने खटला निकालात निघाला. मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली, एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. मग त्याने माझी पर्स उघडली. गोळ्या, रुमाल, चष्मा, आणि तळाशी चांदीचा छोटा करंडा, तुम्ही माझ्या लग्नात दिलेला. झाकण काढून त्याने विचारलं, "ये क्या?" मी म्हटलं, "विभूती." एवढा धिप्पाड माणूस, पण लगेच टोपी काढली, डोळे मिटले, एक चिमूट घेतली आणि कपाळभर ओढली. करंडा दोन्ही हातांनी परत दिला. बिंदगी मात्र बाकीच्या खाण्यासकट, टोकन देऊन, चपला आणि सामान ठेवायच्या खोलीत गेली. टोकनचा नंबर एकशे बेचाळीस.

आत काय काय सोसलं ते सगळं लिहीत नाही. पाण्यात साडी चालत नाही म्हणून सुधारानीने मला तिथला भाड्याचा पोशाख घालायला लावला. नायलॉनची विजार, वर मासे. आरशात एक अनोळखी म्हातारी दिसली म्हणून मी सवयीने नमस्कार केला, तर तिनेही केला. (शिवकन्या, हे मोठ्याने वाच. अक्कांना हसू आलं तर मला कळव.) त्यानंतर मला एका रबरी चाकात बसवून वाहत्या पाण्यात सोडलं. चाकातून उतरायची जागा आली की मी उतरायचा विचार करायची आणि तेवढ्यात ती जागा निघून जायची. असे चार फेरे झाले. पर्स मी कुणाकडे द्यायला तयार नव्हते. दोन कॅरीबॅगांत गुंडाळून गळ्यात बांधली होती. काठावरून महेश ओरडत होता, "आई, त्यात असं काय सोनं हाय?" मी ओरडले, "गोळ्या!" काठावरचे लोक हसले. सगळेच खूश होते. चिन्नी तर एका घसरगुंडीवरून इतक्या वेळा आली की तिच्या विजारीचा रंग गेला.

त्यानंतर मोठा पाळणा. तुम्हाला चिटगुप्प्याची जत्रा आठवते? आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आपण चौघं गेलो होतो. हे मोठ्या ऐटीत माझ्याबरोबर पाळण्यात बसले, आणि पाळणा वर चढायला लागल्याबरोबर डोळे घट्ट मिटून म्हणाले, "खाली आलं की सांग." मी दर फेऱ्याला सांगत होते, "आलं खाली." ते डोळे उघडायचे, खाली उभ्या असलेल्या भावजींना हात करायचे, आणि पुन्हा मिटायचे. नंतर सगळ्यांना सांगत सुटले की वरून हुमनाबाद दिसत होतं. त्या दिवशी पार्कात मुलं खाली आइस्क्रीम खात होती, मी एकटीच त्या पाळण्यात बसले. पर्स शेजारच्या जागेवर ठेवली. पाळणा वर जाऊन खाली आला आणि माझ्या तोंडून निघालं, "आलं खाली." समोर बसलेल्या मुलीने कानातली गाण्याची वायर काढून विचारलं, "क्या आंटी?" मी म्हटलं, "काही नाही गं."

खाली उतरले तर राम नव्हता.

चिन्नीने त्याचा हात धरला होता, आइस्क्रीम वितळायला लागलं म्हणून क्षणभर सोडला होता. एवढंच. तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात म्हणून ते कसं वाटलं याचं वर्णन करून तुमची दया मागत नाही. महेश एका दिशेला पळाला, सुधारानी दुसऱ्या. मी माशांच्या पोशाखात माईकच्या खोलीत गेले. तिथल्या मुलीने विचारलं, मुलाने काय घातलंय, आणि मला सांगता येईना. तिने तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत पुकारा केला. आपल्या रामचं नाव त्या भोंग्यातून तीन भाषांत ऐकू आलं आणि कुणीच 'ओ' दिली नाही. पाऊण तास गेला. लाटांच्या तळ्याकडे मी बघितलं नाही. मी मनात एकच म्हणत होते, आता मला कुणी काही विचारू नका, मी हो म्हणेन.

मग आला तो अमृतप्पा. सामानाच्या खोलीवरचा माणूस, साठीच्या आसपासचा, जहिराबादेकडच्या एका खेड्यातला. सकाळपासून बिंदगी त्याच्या शेजारी होती. टोकनची चिठ्ठी हातात धरून तो माझ्यापर्यंत पोचला आणि आपल्याच बोलीत म्हणाला, "अम्मा, ही आंबील तुमचीच न्हवं? आन् तो पोरगा बी तुमचाच आसंल. शेतात आलोय म्हनायलाय. चला."

पार्कच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी एक खेडं केलंय. फोटो काढायला. सिमेंटची विहीर, फायबरचे दोन बैल, प्लास्टिकचं गवत, आणि एक झोपडी, वर खऱ्या काडाची शाकारणी. त्या झोपडीत आपला राम मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे पाच पांढरे दगड, झाडांच्या आळ्यांभोवती शोभेला लावतात तसले, नीट ओळीत. सहावा जरा बाजूला. झोपडीच्या दारावर त्याने आपला टॉवेल घातला होता, शाल म्हणून. मला बघून त्याने पुकारा-बिकारा ऐकल्याची काही खूण दाखवली नाही. म्हणाला, "आजी, किती उशीर! पांडव केव्हाचे बसलेत. ही द्रौपदी. संतपूरची आजी कुठाय?"

त्याने तुम्हाला शेतात पाहिलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता, अक्का. मी त्याला फक्त गोष्ट सांगितली होती.

मी त्याला मारायला हात उचलला होता, तो तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. महेश आला, सुधारानी रडत आली, चिन्नी तिच्याहून मोठ्याने रडत आली. कुणी रामला सांगेना की हे शेत नाही. शेवटी अमृतप्पाच म्हणाला, "चाळीस वर्सांत पैली येळवस चुकली माजी. पोरं गेली शेतात, आन् मी हितं लोकांच्या चपला सांभाळायलोय. सकाळधरनं ह्या बिंदगीचा वास घेऊन जीव कासावीस झालाय. करू की अम्मा! साहेब जेवायला गेलाय." तो गेला आणि बिंदगी, भज्जी, उंडे सगळं घेऊन आला. मग आम्ही केली पूजा. कुंकू सुधारानीच्या टिकलीचं, फूल अमृतप्पाने साहेबाच्या टेबलावरून उचललेलं. बिंदगी डोक्यावर घेऊन महेश पुढे, मागे आम्ही, मी नायलॉनच्या विजारीत, आणि सगळ्यात मागे अमृतप्पा खच्चून ओरडत, "ओलगे ओलगे!" पाच फेरे झोपडीभोवती. बघता बघता शंभर-दीडशे माणसं जमली, मोबाईल काढून उभी राहिली. त्यांना वाटलं, हा पार्कचाच कार्यक्रम. कुणीतरी शिट्टी मारली. माईकवाल्या मुलीने उत्साहाने सांगितलं की रोज चार वाजता खेड्यातल्या कलाकारांचा नाच असतो. फेरे संपल्यावर टाळ्या पडल्या आणि एका गृहस्थांनी चिन्नीला बक्षीस म्हणून चॉकलेट दिलं. तो मिशीवाला शिपाई धावत आला, आंबील बघून थबकला. कपाळावर अजून पांढरे पट्टे होते. अमृतप्पाने त्याच्या हातावर एक ओगराळं ओतलं. त्याने चाटून बघितलं आणि म्हणाला, "ये तो मजगा है," म्हणजे ताकच. मग आणखी मागितलं.

इथवर गंमत होती. मग रामने विचारलं, आंबील शिंपडायची कुठं? आम्ही शोधायला लागलो. अक्का, त्या एवढ्या मोठ्या जागेत माती नव्हती. खाली सिमेंट, त्यावर फरशा, फरशा नाहीत तिथं प्लास्टिकचं गवत. राम ते गवत नखाने उचकटून बघत होता. "आजी, माती कुठाय?" शेवटी संडासाच्या भिंतीशी एक क्रोटनची कुंडी सापडली. तिच्यात ओंजळभर आंबील ओतली. मुलं पुढे गेली, मी त्या कुंडीपाशी बराच वेळ बसून राहिले. सुधारानीला वाटलं, माझे गुडघे धरले.

परत येताना मुलं झोपली. बिंदगी रिकामी होती, तरी महेशने तिला पट्टा बांधला. संतपूरसाठी औरादकडे वळायच्या फाट्याशी त्याने गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं नाही. मी झोपलेल्या रामच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला. त्याने पुन्हा वेग घेतला.

माझी पहिली येळवस आठवते मला. बीदरची पोर, टाचेच्या चपला घालून बांधावरून चालले होते आणि हरभऱ्यात पडले. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. आपल्या वहाणा काढून माझ्या पायात घातल्यात आणि ढेकळांतून अनवाणी पुढे चालत राहिलात, मागे वळूनही न बघता, जणू काही झालंच नाही. मी तुमच्या पाठीकडे बघत चालले होते. अजून तशीच चालते आहे असं मला कधी कधी वाटतं.

पत्र लांबलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या गालाला हात. भावजींना म्हणावं, विडी सोडा.

तुमचीच धाकटी,
विजयश्री

ता. क. बिंदगीला काठाशी बारीक टवका उडालाय, पार्कच्या पायरीवर. चुना लावला की दिसणार नाही. ती कधी आणून देऊ?

ता. क. दुसरा. रामने ते पाच दगड आणि द्रौपदी खिशातून घरी आणली. चोरीच म्हणायची. देवघरात ठेवू देत नाही, म्हणतो ते शेतातले आहेत. तुमच्या पांडवांशेजारी त्यांना जागा होईल का, एवढं विचारायला त्याने सांगितलंय.

ता. क. तिसरा. शिवकन्या, इथून पुढचं ओसरीवर ऐकू जाऊ देऊ नकोस. अक्कांच्या कानाशी वाच.

अक्का, त्या करंड्यात विभूती नाही. करंड्यातल्या कुंकवाचं मला आता काम नव्हतं. अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या त्याआधी मी यांची दोन चिमटी राख त्यात काढून ठेवली. घरात ठेवू नये हे मला माहीत आहे. यांच्या मातीत न्यायची म्हणून ठेवली होती. मग बोलावणं आलं नाही, आणि पर्समध्ये राहिली. महेशलाही माहीत नाही. एक चिमूट त्या शिपायाच्या कपाळावर गेली, त्याबद्दल हे रागावणार नाहीत, त्यांना कुणी नमस्कार केलेला आवडायचा. पाळण्यातही यांना घेऊनच बसले होते. आणि त्या कुंडीपाशी माझे गुडघे धरले नव्हते. मी करंडा उघडला होता. वाटलं, माती ती माती, ठेवावं इथंच, संपवावं. मग वाटलं, एकदा घाईने 'हो' म्हणून मी यांना नको तिथं दिलं. पुन्हा तेच नको. झाकण लावलं.

आता एकच चिमूट उरली आहे. ती लिंबाखाली ठेवायची आहे. मी बांधावरच थांबेन, आत येणार नाही. राम करंडा घेऊन तुमच्यापर्यंत येईल. तुम्ही आणि भावजींनी आपल्या हातांनी ठेवा.

नको असेल तर उत्तर पाठवू नका, मी समजेन. हो असेल तर पत्र लिहायचीही गरज नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून तुम्ही मला विचारलं होतंत, कामून येतीस. शिवकन्येला फोन लावायला सांगा आणि एवढंच विचारा, "विजू, कामून आली न्हाईस?" गाडीत तुमची बिंदगी पुढच्या सीटवरच आहे. तिचा पट्टा अजून सोडलेला नाही.